एका गालाची दाढी

"मोनाली, पोरना गाल दखी ले," बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी हातात देता देता तानुमावशी कानाशी पुटपुटली होती. "रोज दाढी करत नही तो मानूस एक तं आळशी ऱ्हास, नही तं गालना नाजूक. आळशी परवडी. नाजूक परवडाव नही."

मोनालीने तेव्हा मान उडवली होती. बी.फार्म. झालेली मुलगी. ती मुलाचं शिक्षण बघेल, घरची माणसं बघेल, फार तर न्हाणीघराला आतून कडी आहे का ते बघेल. पण गाल कोण बघतं? समोर बसलेला फैजपूरचा नीलेश दिसायला बरा होता. केळीच्या बागा होत्या. प्रश्न विचारला की आईकडे न बघता उत्तर देत होता. गालावर खुरटी दाढी होती खरी, पण ती तिला फॅशन वाटली.

लग्नानंतर आठवड्याभरात फॅशनचा उलगडा झाला. नीलेशची कातडी फार मानी होती. नव्या टॉवेलने पुसलं की लाल. मफलर गुंडाळला की लाल. तीन पात्यांच्या रेझरने दाढी केली की गळ्यावर मसुरीएवढ्या पुळ्या, आणि सलूनमध्ये जाऊन केली की तुरीएवढ्या. लग्नातले फोटो नीट पाहिल्यावर मोनालीच्या लक्षात आलं, की नवरदेवाला हळद फक्त कोपरांना लावली होती. भरलेला केळीचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून बांधापर्यंत चालत जाणारा हा गडी दाढीच्या नुसत्या ब्रशला बघून गळा झाकून घ्यायचा.

मग मोनालीला दिवस गेले, आणि नीलेशच्या गालांना सुखाचे दिवस आले.

इंदिराबाई, म्हणजे मोनालीच्या सासूबाई, यांच्या घरची रीत अशी, की सून गरोदर असताना नवऱ्याने दाढी-केसांना हात लावायचा नाही. त्या रीतीला इंदिराबाईंनी स्वतःचं एक शेपूट जोडलं. मळ्यातल्या विहिरीवर साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवी, मांडलेल्या होत्या, शेंदूर लावलेल्या सात दगडांच्या. त्यांच्यापुढे बाळाचं जाऊळ निघेपर्यंत बापाने दाढी राखायची, आणि जाऊळ निघालं की त्याच दिवशी तीही उतरवायला घ्यायची, असा त्यांनी नवस बोलून टाकला. हे ऐकून नीलेशचा चेहरा असा उजळला, की शेजारच्या बेबाबाई म्हणाल्या, "पोरगा पाहा कसा हरखला बाप होनार म्हनून!" मोनालीला ठाऊक होतं, त्यातला अर्धा हरख दाढीचा होता.

दाढी वाढली. दाट, काळी, शर्टाचं वरचं बटण झाकेल इतकी. चिमी जन्मली. तिचं खरं नाव मिहिका, पण ते लसीकरणाच्या कार्डापुरतं. दात येण्याआधीच चिमीने ठरवून टाकलं, की बाप म्हणजे दाढी. भूक लागली की आई, आणि झोप आली की बाप. दोन्ही मुठींत दाढी घट्ट धरायची, नाक तिच्यात खुपसायचं, दोनचार वेळा शिंकायचं आणि झोपून जायचं. मोनालीने थोपटून पाहिलं, झुलवून पाहिलं. चिमी तिच्या गुळगुळीत हनुवटीवर हात फिरवायची आणि 'इथे काहीच ठेवलेलं नाही' अशा नजरेने बघायची.

इथवर सगळं हौसेचं होतं. मग मोनालीला नोकरी लागली.

सरकारी औषधनिर्माता म्हणून. परीक्षा तिने चिमी पोटात असतानाच दिली होती, मांडीवर पोट आणि पोटावर पुस्तक ठेवून. आता आधी धुळ्याला प्रशिक्षण, तिथेच राहायचं, लेकरू न्यायला परवानगी नाही. सोमवारी हजर झालं नाही तर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावणार. चिमी तोवर वरच्या अन्नावर आली होती, इंदिराबाई घरात होत्या, खाण्यापिण्याची काळजी नव्हती. काळजी एकच. चिमी बापाजवळ झोपली, तर मोनाली सोमवारी धुळ्यात. नाही झोपली, तर मोनाली जन्मभर फैजपुरात, दुसऱ्यांच्या गोळ्यांची नावं वाचून दाखवत.

आणि जाऊळ नेमकं त्याच आठवड्यात, गुरुवारी.

"आई, दाढीचं थोडं पुढे नाही का ढकलता येणार?" मोनालीने भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आसरांले काय सांगू? फोन करू त्याह्यले?" इंदिराबाई म्हणाल्या.

"मग जाऊळच पुढे..."

"तुझ्या भावाले सांगितलं, न्हाव्याले सांगितलं, भरताचे वांगे सांगितले. वांगे थांबतीन का तुझ्यासाठी?"

वांगी थांबणार नव्हती. इकडे नीलेशही गप्प बसला नव्हता. दाढी जाणार म्हटल्यावर त्याने मोबाइलवर अभ्यास सुरू केला होता, आणि अभ्यासाचं फळ म्हणून एक दिवस पार्सल आलं. मोनालीने उघडलं. आत मखमलीच्या डबीत, लाकडी मुठीचा, घडी होणारा, लखलखीत वस्तरा.

"हे काय? आसरांना बोकडही बोललाय का?"

"ऐक तर. तीन पात्यांचं रेझर म्हणजे एका केसाला तिघं जण ओढणार. पहिलं उपटतं, दुसरं कापतं, तिसरं नुसतीच कातडी खरवडतं. आणि कातडीच्या आत कापला गेलेला केस तिथेच वाकडा वाढतो, त्याची पुळी होते. हे एकच पातं. सरळ, साधं."

"आणि घरात लेकरू रांगतंय. तेही सरळ, साधं."

पण मोनालीचा स्वभाव असा, की भांडण झालं की ती आधी जाऊन वाचायची. तिने दुपारभर वाचलं आणि तिला राग आला, कारण नीलेश बरोबर होता. नाजूक कातडीला एकच धार बरी, दाब नको, केसाच्या दिशेनेच फेरी, उलटी नको, वासाचं काही लावायचं नाही. शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी फक्त एक गाल करावा आणि थांबावं. कातडी काय म्हणते ते बघून पुढचं ठरवावं.

संध्याकाळी तिने अटी सांगितल्या. वस्तरा कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात. ती समोर असल्याशिवाय गालाला लावायचा नाही. पहिल्या दिवशी गळ्याकडे फिरकायचंही नाही.

"गळ्याचं काय एवढं?"

"मला सोमवारी ट्रेनिंगला जायचंय, नीलेश. तेराव्याला नाही."

सराव कशावर करायचा हा प्रश्न होता. व्हिडिओतला हातभर गोंदलेला माणूस फुग्यावर करत होता. नीलेश फुगे घेऊन आला, पण फुगा फुटला की चिमी दचकून रडायची. मग त्याने घरातलं जे मुबलक होतं ते घेतलं, कच्ची केळी. केळीला फेस फासायचा आणि वस्तरा निजवून फेस काढायचा. हात हलका असला तर केळ हिरवंगार राहायचं. जरा पातं उभं झालं की सालीवर चीक टपटपायचा, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर त्या जागी काळी रेघ. ओसरीवर सकाळी केळी ओळीने मांडलेली असायची, सगळी गालफडं ओरबाडल्यासारखी.

सासरे उखर्डूआबा चहाची बशी तोंडाशी धरून बराच वेळ बघत राहिले.

"काय करू राह्यला रे, नीलेश?"

"सराव, आबा."

"केळाची दाढी?"

"हो."

आबांनी बशीतला चहा संपवला. "बरं," म्हणाले. "मिशी ठेवजो."

धार लावायला चामड्याचा पट्टा हवा होता. नीलेशने कमरेचा काढला आणि खिडकीच्या गजाला अडकवला. मग तो एका हाताने वस्तरा पट्ट्यावर खालीवर करायचा आणि दुसऱ्या हाताने पँट धरून उभा राहायचा. इंदिराबाई रोज कच्च्या केळ्यांची भाजी करत होत्या आणि रोज वाढताना म्हणत होत्या, "घ्या, नीलेशचं गिऱ्हाईक." बुधवारपर्यंत मात्र केळी स्वच्छ निघायला लागली. मोनालीने एक उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिलं. ओरखडा नव्हता. तिने ते तसंच परत ठेवलं आणि स्वतःला समाधान वाटतंय हे नीलेशला दिसू दिलं नाही.

गुरुवारी सगळे मळ्यात. आंब्याखाली सतरंजी, चुलीवर वरण, निखाऱ्यांत बट्ट्या, आणि भाजलेल्या वांग्यांचा वास पार विहिरीवरच्या पंपाच्या खोलीपर्यंत. मोनालीचा भाऊ अभिमन माहेराहून पहाटेच निघून आला होता. मामाच्या मांडीवर बसवून चिमीचं जाऊळ झालं. भाईदास न्हाव्याने कात्री इतकी हळू चालवली, की चिमीने रडायचं विसरून त्याचाच कान ओढला. डोकं चकचकीत झालं. आता बापाची पाळी.

नीलेश प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. पंपाच्या खोलीच्या दाराला आरसा टांगला. भाईदासने डबी उघडताना बघितली आणि त्याचा चेहरा पडला.

"नीलेशभाऊ, हे म्हंजे हलवायाच्या दुकानात बसून घरून आनलेला पेढा खायाचा."

"भाईदासभाऊ, मागच्या वेळी तुमचा पेढा गळ्यावर उठला होता."

"मंग आज काय, आख्खी उतरवनार?"

"एकच गाल," मोनाली म्हणाली. "उजवा. डावीकडची दाढी तशीच राहील."

चुलीपाशी बसलेल्या इंदिराबाईंनी उलथनं खाली ठेवलं. "काय म्हनते ही? आसरांले अर्धी दाढी?"

"आई, दाढी उतरवायला घ्यायची होती ना? घेतोय. संपवायची वेळ कुठे बोलला होतात तुम्ही?"

"देवाले हप्ते देनार का तू?"

"अवं, जाऊ दे ना," आबा बांधावरून म्हणाले. "केळीले पानी आता पाटानं देतो का आपन? ठिबकनं देतो. तशी दाढी ठिबकनं उतरू दे."

इंदिराबाईंनी आबांकडे पाहिलं. मग आसरांकडे पाहिलं. आसरा काही बोलल्या नाहीत, तेव्हा त्यांनी उलथनं परत उचललं.

अभिमनने कात्रीने दाढीचा उजवा भाग उतरवला, हनुवटीच्या बरोबर मध्यापर्यंत. ऊन पाण्याचा टॉवेल. फेस. नीलेशने वस्तरा उघडला, आणि आंब्याखालचं बोलणं आपोआप थांबलं.

"कातडी ताणा," मोनाली म्हणाली. चारचौघांत ती त्याला अहो-जाहो करायची, पण आवाज परेडचा होता. "पातं निजवा. अजून निजवा. दाबू नका, त्याच्या वजनानेच जाऊ द्या. श्वास घ्या, काळे पडताय."

खस्स. पहिली पट्टी. फेसातून गाल दिसला, दीड वर्षात ऊन न लागलेला, सोललेल्या बटाट्यासारखा. खस्स. दुसरी. कानाजवळ मात्र भाईदास खोकला, नीलेश दचकला आणि रक्ताचा एक थेंब आला. भाईदास शपथ घेऊन सांगत होता की खोकला खरा होता.

पुळी एकही नाही. पण गाल लाल झाला. असा लाल, की कुणीतरी पाची बोटं उमटवली असावीत. शेजारी मोनाली कमरेवर हात ठेवून उभी होती, त्यामुळे कुणी, हेही विचारायची गरज नव्हती.

"दाजी," अभिमन म्हणाला, "चंद्र अर्धाच उगना ना!"

सगळे हसले. नीलेशही हसला. आणि हसता हसता तो चिमीकडे वळला.

चिमी सतरंजीवर बट्टीचा तुकडा चोखत बसली होती. आधी तिला डावी बाजू दिसली. तिने हात पसरले. नीलेशने तिला उचलून घेतलं आणि मान फिरवली. चिमीने उजवा गाल पाहिला. बट्टी तिच्या हातातून गळून पडली. पुढची किंकाळी अशी होती, की विहिरीवरचे पारवे उडाले. तिने दोन्ही तळवे त्या लाल गालावर ठेवून त्याला दूर ढकललं आणि आईकडे झेप टाकली.

नीलेशने डावी बाजू पुढे केली. उपयोग नाही. एकदा पाहिलेलं आता विसरायचं कसं? दुपारच्या झोपेची वेळ झाली. डोळे चोळणं, कान ओढणं सुरू झालं. नीलेश तोंड लपवत मागून आला, टॉवेल गुंडाळून आला, झाडाआडून दाढीवाली बाजू दाखवत आला. चिमी मान वळवून वळवून रडत होती. मोनाली तिला खांद्यावर घेऊन केळीच्या ओळींमधून फेऱ्या मारत राहिली.

अभिमन मागे मागे चालत होता. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "ताई, सोमवारनं काय करशी?"

मोनालीने चिमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पुस्तकं, परीक्षा, निकालाच्या दिवशी वाटलेले पेढे, सगळं एका गालावर येऊन अडलं होतं. आणि एकच गाल करायचा, हा हट्ट तिचाच होता. निदान एक बाजू ओळखीची राहील म्हणून. आता वाटत होतं, सगळी दाढी एकदम गेली असती तरी यापेक्षा बरं. चिमीला नवा माणूस तरी पूर्ण मिळाला असता. हा अर्धा ओळखीचा, अर्धा परका असा कोणीतरी भुताटकीचा बाप तिच्यापुढे उभा होता.

ती फेऱ्या मारत होती तेवढ्यात इकडे आबांनी आपलं वैद्यकशास्त्र बाहेर काढलं. गाल जळतोय असं नीलेश म्हणाला, आणि आबांनी कोयता घेऊन घड उतरवलेल्या केळीचा एक खांब तोडला. खांबाचं पाणी थंड असतं. भाजलं, खरचटलं, गांधीलमाशी चावली, आबा तेच लावायचे. त्यांनी खांबाची सोपटं, म्हणजे वरचे पापुद्रे, पिळून फडकं भिजवलं आणि नीलेशच्या लाल गालावर चांगलं थापून दिलं.

मोनाली परत आली तेव्हा गाल ओला चमकत होता.

"आबा! हे काय लावलंत?"

"खांबाचं पानी. थंड अस्ते."

"चीक आहे तो! माझ्या दोन साड्या गेल्यात त्याने. कापडावरून मरेपर्यंत निघत नाही."

"गाल का कापड हाय?"

"अहो, ह्यांची कातडी! ह्यांना नवा टॉवेल चालत नाही!"

"टावेल नवा अस्ते," आबा म्हणाले. "चीक त्याच्या आंगाले जुना हाय. लहानपनी घडाखाली उभा राहून अंघोळ केल्यासारखा भिजायचा." आणि ते बट्ट्या उलटायला निघून गेले.

मोनालीने पाणी मागवलं, साबण मागवला, गाल धुतला. उशीर झाला होता. चीक आधी पिवळट झाला, मग चहासारखा, मग जेवणं आटोपून पातेली घासायला निघेपर्यंत काळपट तपकिरी. उन्हं कलली. नीलेश विहिरीच्या काठाला खिन्न बसला होता, आणि पलीकडच्या बांधावरून येणारा भाईदास ओरडला, "नीलेशभाऊ, दाढी परत आली का हो?"

मोनालीने चमकून पाहिलं. खरंच. दहा पावलांवरून डावीकडे दाढी होती, उजवीकडे चीक होता, आणि फरक सांगता येत नव्हता.

चिमी तिच्या कडेवर दमून, नाक वाहत, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी बसली होती. मोनाली हळूहळू विहिरीकडे चालत गेली. चिमीने मान उचलली. उजवा गाल पाहिला. डावा पाहिला. परत उजवा. भाजी घेताना इंदिराबाई जशी जुडी उलटीपालटी करतात, तसं तिने बापाला बघून घेतलं. मग हात पसरले.

नीलेशने तिला घेतलं. डाव्या मुठीत तिला दाढी सापडली. उजवी मूठ काळ्या गालावर गेली, तिथे धरायला काही नव्हतं, घसरली, परत चढली, परत घसरली, आणि शेवटी कानाच्या पाळीला जाऊन लोंबकळली. चिमी शिंकली. झोपली.

मोनालीच्या एका हातात ओलं फडकं होतं आणि तोंडात आबांसाठी तयार केलेलं एक लांबलचक वाक्य होतं. तिने दोन्ही खाली ठेवली.

"आबा," ती कुजबुजली, "तो खांब टाकू नका. झाकून ठेवा."

शुक्रवारी सकाळी तिने मोबाइलचा टॉर्च लावून नीलेशचा गाल इंच इंच तपासला. एक पुळी नाही. जी कातडी मफलरवर रुसायची, ती चिकाला नातेवाईक समजत होती. तरी मोनालीने शिस्त सोडली नाही. जबड्याच्या कोपऱ्यावर आधी ठिपकाभर, मग थांबायचं, मग पुढे. शनिवारी डावा गाल, रविवारी हनुवटी आणि, तिने हात जोडून श्वास रोखल्यावर, गळा. वस्तरा फिरला की खांबाचं पाणी. दाढी जात होती आणि तिच्या जागी तिची सावली बसत होती. चिमीची मूठ रोज थोडी थोडी कानाकडे सरकत होती, कारण चिकाला धरता येत नाही आणि कानाला येतं.

मधले दिवस मात्र नीलेशने काढले ते त्यालाच माहीत. बागेत कटाई चालू होती. एका बाजूला भरघोस दाढी आणि दुसऱ्या बाजूला डांबर अशा अवतारात तो ट्रकपाशी उभा राहिला की घड भरणाऱ्यांचे हात थांबायचे.

"नीलेशभाऊ, इकडून पाह्यलं तं साधू, तिकडून पाह्यलं तं सापडलेला चोर!"

"अर्धी वहिनींनी उपटली का हो?"

"अरे, नही रे, भाऊनं केळी लावली गालावर. आता घड कधी येते ते पाहू!"

नीलेश म्हणायचा, "पोरीसाठी आहे." त्यावर ते आणखी हसायचे. एक जण मात्र मागे रेंगाळून विचारून गेला, की वस्तरा कुठून मागवला, आणि चीक लावल्यावर खरंच पुळ्या येत नाहीत का. नीलेशने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मोनालीने बजावलं, "त्यांना सांग, चीक सगळ्यांना नाही चालत. काहींची कातडी त्यानेच उतते, फोड येतात. आधी कोपराला लावून बघायचं!" औषधांचं शिक्षण घेऊन ती शेवटी खांबाच्या पाण्याचा डोस सांगत होती.

सोमवारी पहाटे ती निघाली. चिमी बापाच्या खांद्यावर झोपली होती. दाढी पूर्ण गेली होती, चेहरा चिकाने रंगलेला होता, आणि एक चिमुकली मूठ कानाला घट्ट. इंदिराबाईंनी दह्याची वाटी पुढे केली. "जाय. आसरा पाहून घेतीन," म्हणाल्या. मग आवाज खाली घेऊन, "अन् ह्याच्याकडे मी पाहीन."

ठरलं असं होतं, की आता चीक नव्याने लावायचा नाही. आहे तो आपोआप विटेल, गाल हळूहळू उजळेल, चिमी कानावर स्थिरावेल आणि नीलेश एक दिवसाआड वस्तरा फिरवत राहील. किती सोपं.

धुळ्यात मोनालीचे दिवस बरे चाललेत. संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतो. चिमी मजेत असते, आईला बघून पडदा चाटते, आणि झोप आली की बापाच्या मानेत शिरते. त्याबद्दल तक्रार नाही. पण नीलेशचा गाल उजळत नाहीये. पहिल्या आठवड्यात काळा होता, दुसऱ्या आठवड्यातही तसाच काळा. पहिल्या रविवारी सुट्टी मिळाली नाही, दुसऱ्याही रविवारी मिळाली नाही, आणि हा माणूस हल्ली फोन धरतो तोही दिव्याकडे पाठ करून.

"चीक अजून गेला नाही का रे?"

"बागेतच असतो ना दिवसभर. लागतो."

"गालाला?"

"घाम पुसताना."

"वस्तरा चालू आहे ना?"

"म्हणजे काय! आत्ताच तर..." आणि तिथे नेमकं नेटवर्क जातं. फैजपूरचं नेटवर्क इतकं हुशार कधीपासून झालं, हा एक प्रश्नच आहे.

सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणतात, "नवरा तुझा, गाल तू पाहाय." आबांना विचारलं, तर म्हणतात, "चांगला हाय. काळा हाय." आता काळा कशाने? चोरून रोज चीक लावत असेल तर एक दिवस ती मानी कातडी नक्की उतेल. आणि आळस करून दाढीच परत वाढवत असेल, तर ती दाट व्हायला वेळ लागत नाही. चिमीची मूठ कानावरून पुन्हा खाली उतरेल आणि झालेलं सगळं पाण्यात. मोबाइलच्या पडद्यावरून चीक आणि खुंट यातला फरक औषधनिर्मात्यालाही कळत नाही.

म्हणून मोनालीची तुम्हाला एक विनंती आहे. फैजपूरकडे जाणं झालं, लग्नाला म्हणा, केळीच्या भावाची चौकशी करायला म्हणा, तर बसस्टँडवर कुणालाही उखर्डूआबांचं घर विचारा, दाखवतील. दुपारी जा, तेव्हा नीलेश घरी असतो. त्याला गप्पांत गुंतवा, चहा घ्या, आणि उठता उठता खांद्यावर हात ठेवल्यासारखं करून त्याच्या गालावरून खालून वर एक बोट फिरवा. गुळगुळीत लागला तर चीक कमी लावायला सांगा. खरखरीत लागला तर त्याला काही बोलू नका, मोनालीला कळवा. आणि चिमी झोपलेली असेल, तर तिची मूठ कुठे आहे तेवढं बघून या.